दुर्गंध घडवावा कसा आणि मोडावा कसा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

मराठीत वाईट वासाला नुसते ‘वाईट’ म्हणून कोणी थांबत नाही. जुने तेल खवट होते, बंद खोलीला कुबट वास येतो, मासळीचे भांडे वशाट राहते, घामाने भिजलेले कपडे आंबूस होतात आणि सडलेल्या कोबीचा भपकारा नाकात शिरतो. हे शब्द ज्यांच्या तोंडी रुळले त्यांना रेणूंची माहिती नव्हती, तरीही त्यांनी केलेली विभागणी रसायनशास्त्रातल्या विभागणीच्या फार जवळ जाते. खवटपणा बहुतांशी अल्डिहाइडांचा असतो, आंबूसपणा लहान साखळीच्या मेदाम्लांचा, वशाटपणा अमाइनांचा, सडका भपकारा गंधकाच्या संयुगांचा आणि कुबटपणा बुरशी व मातीतले जिवाणू सोडतात त्या मोजक्या रेणूंचा. या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्याने वहीच्या पहिल्या पानावर हे पाच शब्द लिहावेत आणि पुढे हुंगलेला प्रत्येक वास यांपैकी कोणत्या घरात बसतो, हे रोज नोंदवत जावे.

दुर्गंध मुद्दाम तयार करण्याची गरज अनेकांना पडते. दुर्गंधनाशक बनवणाऱ्याला आपले उत्पादन कशावर तरी तपासावे लागते आणि त्यासाठी दर वेळी सारखाच येणारा वास हवा असतो. अन्नाची प्रत तपासणाऱ्यांना बिघाडाचे वास ओळखण्याचे शिक्षण द्यावे लागते. संग्रहालयेही वासाचा उपयोग करतात. इंग्लंडमधील यॉर्क येथे १९८४ साली सुरू झालेल्या यॉर्व्हिक केंद्रात व्हायकिंग काळातील वस्तीचे वास प्रेक्षकांना मुद्दाम दिले जातात. मात्र मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळी वाटते. वास तयार करून तो पुन्हा मोडून पाहिला की तो कशाचा बनला होता हे कळते, आणि हे ज्ञान नुसत्या वाचनाने येत नाही. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरीला घडवण्याची एक बाजू आहे आणि मोडण्याची दुसरी.

पहिली पायरी: काय करायचे नाही हे आधी ठरवावे

हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू घरी कधीही तयार करू नये. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागसुद्धा नसताना नाक त्याला ओळखते, पण प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांत गंधसंवेदनाच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे माणसाला वाटते आणि नेमका तेव्हाच धोका वाढलेला असतो. आणखी वरच्या प्रमाणात हा वायू जीव घेतो. याच कारणाने सल्फाइडयुक्त पदार्थांवर आम्ल ओतण्याचे प्रयोग, ते कितीही सोपे दिसले तरी, या मार्गदर्शनाच्या बाहेर ठेवले आहेत. मांस, मासे किंवा मलमूत्र सडवून वास मिळवण्याच्याही नादी लागू नये, कारण तेथे वासाबरोबर रोगजंतू वाढतात. अमोनियाचा दर्प असलेल्या कोणत्याही पदार्थात ब्लीच मिसळू नये. त्यातून फुफ्फुसांना इजा करणारी क्लोरॅमाइने तयार होतात.

गंधकाच्या संयुगांबाबत इतिहासानेही पुरेसे शिकवले आहे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे १८८९ साली थायोअ‍ॅसिटोन मिळवण्याच्या प्रयत्नात निघालेला वास शहरभर पसरला, लोकांना उलट्या झाल्या, काहींची शुद्ध हरपली आणि वस्तीत घबराट पसरली. प्रयोग जाणकार रसायनज्ञांचा होता, तरी ही वेळ आली. आपण तयार केलेला वास आपल्या खोलीबाहेर जाता कामा नये, आणि ज्याने हुंगण्याला संमती दिलेली नाही त्याच्या नाकापर्यंत तो पोहोचता कामा नये, हा नियम मी कोणत्याही सूत्रापेक्षा वर ठेवतो. दमा असलेल्या व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना या प्रयोगांपासून दूर ठेवावे.

दुसरी पायरी: नाकाची ओळख

वास येण्यासाठी पदार्थाचे रेणू उडून नाकापर्यंत यावे लागतात, म्हणून वासाचे बहुतेक सगळे रेणू लहान आणि बाष्पनशील असतात. नाकाच्या वरच्या भागातील पेशींवर गंधग्राही प्रथिने असतात. त्यांच्या जनुकांचे मोठे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ साली उजेडात आणले आणि त्यासाठी त्यांना २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे चारशे प्रकारची ग्राही कार्यरत असतात. एक रेणू अनेक ग्राहींना कमीअधिक प्रमाणात चेतवतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना दाद देते. मेंदू जे वाचतो तो या सगळ्यांचा मिळून झालेला नमुना असतो.

यातून नवशिक्याला उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे प्रमाण बदलले की वासाचे स्वरूपही बदलू शकते. इंडोल हे याचे ठळक उदाहरण आहे. दाट असताना ते मलाची आणि नाफ्थालिनच्या गोळ्यांची आठवण करून देते, आणि तेच इंडोल मोगऱ्याच्या जातीच्या फुलांच्या सुगंधाचा नैसर्गिक घटक आहे. ते काढून टाकले तर उरलेला सुगंध निर्जीव वाटतो. दुसरी गोष्ट म्हणजे नाक लवकर थकते. एकच वास सलग हुंगत राहिले तर अर्ध्या-एक मिनिटात तो फिका पडतो, म्हणून हुंगणे एक-दोन सेकंदांचे असावे, दोन हुंगण्यांमध्ये किमान एक मिनिट जावे आणि मध्ये स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा. आपल्या अंगाच्या वासाला नाक सरावलेले असल्याने ते तेथे विसावते.

नावाचाही प्रभाव मोठा असतो. ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक या दोन आम्लांचे एकच मिश्रण लोकांना एकदा ‘परमेझान चीज’ म्हणून आणि एकदा ‘उलटी’ म्हणून हुंगायला दिल्याचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, आणि नावाप्रमाणे लोकांची पसंती-नापसंती पालटली. म्हणून दुसऱ्याला वास हुंगायला देताना बाटलीवर नुसता अंक असावा, नाव नसावे.

तिसरी पायरी: विकतचे रसायन न आणता चार वास

पहिल्या आठवड्यात बाटल्या आणूच नयेत. घरात जे आहे त्यातूनच वरच्या पाचांपैकी काही घरांची ओळख होते.

कोबी चिरून झाकण ठेवून अर्धा तास उकळावा. पहिल्या पाच मिनिटांत येणारा गोडसर वास आणि शेवटी येणारा जड, कोंडलेला वास यांत फरक आहे. उष्णतेने कोबीतील एस-मिथाइलमिथिओनिन तुटते आणि डायमिथाइल सल्फाइड सुटते. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३७ अंश सेल्सियस असल्याने ते झाकण उघडताच उडून येते. पुढे दोन आणि तीन गंधकअणू असलेली त्याची भावंडे, म्हणजे डायमिथाइल डायसल्फाइड आणि ट्रायसल्फाइड, जमा होत जातात आणि वास सडकेपणाकडे झुकतो. दर पाच मिनिटांनी झाकण किंचित उघडून हुंगावे आणि वासाला त्या क्षणी सुचलेला शब्द लिहावा. वाफेवर नाक नेऊ नये. हाताने वारा घालून वास आपल्याकडे आणावा.

अंडे वीस मिनिटे उकळून सोलले तर पिवळ्या बलकाभोवती हिरवट-करडे कडे दिसते. पांढऱ्या भागातील प्रथिनांतून सुटलेला हायड्रोजन सल्फाइड बलकातील लोहाशी मिळून लोह सल्फाइड बनतो, त्याचा तो रंग आहे. अंड्यातून सुटणारी मात्रा अत्यल्प आणि निरुपद्रवी असते, म्हणून या वायूची ओळख करून घ्यायची ती एवढ्यावरच करून घ्यावी.

तिसरा प्रयोग माझ्या विशेष आवडीचा आहे. तळहात थोडा घामेजला असताना स्वच्छ लोखंडी खिळा किंवा किल्ली मुठीत दाबून मिनिटभर चोळावी आणि मग हात हुंगावा. ज्याला आपण लोखंडाचा वास म्हणतो तो लोखंडाचा नसतोच, कारण लोह खोलीच्या तापमानाला उडत नाही. घामामुळे सुटलेले लोहाचे आयन त्वचेवरील ऑक्सिडीभूत मेद तोडतात आणि त्यातून अल्डिहाइडे व कीटोने निघतात. त्यांपैकी १-ऑक्टेन-३-ओन या कीटोनाचा वास बुरशीकडे झुकणारा आणि धातूसारखा असतो. हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. आपलेच शरीर आपल्याला धातूच्या नावाने हुंगायला मिळते, ही जाणीव झाली की पुढे कोणताही वास ‘अमुक वस्तूचा’ म्हणताना माणूस आपोआप सावध होतो.

चौथ्या प्रयोगासाठी दिवसभर घातलेला सुती मोजा किंचित ओला करून काचेच्या बरणीत घट्ट बंद करावा आणि उबदार जागी एक दिवस ठेवावा. ताजा घाम जवळजवळ गंधहीन असतो. त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जिवाणू ल्यूसिन या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतो आणि पायांचा ओळखीचा वास मुख्यतः त्याचा असतो. काखेचा वास वेगळा असतो. तेथे कॉरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकॉकस होमिनिस यांसारखे जिवाणू ग्रंथींतून आलेल्या गंधहीन संयुगांतून ३-मिथाइल-२-हेक्झिनोइक आम्ल आणि कांद्यासारख्या वासाचे थायॉल, म्हणजे गंधकयुक्त संयुगे, मोकळे करतात. घामाचा दर्प म्हणजे घामावर झालेले जिवाणूंचे काम, एवढे या बरणीतून शिकावे आणि मोजा धुऊन टाकावा.

चौथी पायरी: बाटल्यांची निवड

पुढची सामग्री खाद्यस्वाद आणि सुगंधाचे घटक विकणाऱ्यांकडे मिळते. आश्चर्य वाटेल, पण येथे सांगितलेली बहुतेक रसायने खाद्यस्वादांत अत्यल्प प्रमाणात वापरली जातात. शक्य तेथे दहा किंवा एक टक्क्याचे तयार द्रावणच घ्यावे. शुद्ध आयसोव्हॅलेरिक आम्लाची बाटली मी एकदा खिडकी बंद असलेल्या खोलीत उघडली होती. थेंबही सांडला नव्हता, तरी पडद्यांतून तो वास चार दिवस गेला नाही आणि शेवटी पडदे सोड्याच्या पाण्यात दोनदा भिजवावे लागले. त्या दिवसानंतर तयार सौम्य द्रावण मिळत असेल तर शुद्ध रसायन मी मागवत नाही.

सुरुवातीला आठ बाटल्या पुरतात. आम्लांपैकी ब्युटिरिक, आयसोव्हॅलेरिक आणि कॅप्रिलिक ही तीन घ्यावीत. ब्युटिरिक आम्ल हे चार कर्बअणूंचे मेदाम्ल लोण्यातून ओळखले गेले आणि त्याचे नावही लोण्याच्या लॅटिन शब्दावरून आले. ताज्या लोण्यात ते मेदाला बांधलेले असते, म्हणून वास येत नाही. विकरांनी किंवा जिवाणूंनी ती गाठ सोडवली की उलटीची आठवण करून देणारा आंबट वास मोकळा होतो. सहा, आठ आणि दहा कर्बअणूंच्या कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लांची नावे शेळीच्या लॅटिन नावावरून पडली आहेत, आणि ती हुंगली की नाव का पडले हे सांगावे लागत नाही. साखळी आणखी लांबली की रेणू जड होतो, उडत नाही आणि वास मावळतो.

विष्ठा आणि गोठा यांच्यासाठी स्कॅटोल आणि पॅरा-क्रेसॉल लागतात. स्कॅटोल आणि त्याचे भावंड इंडोल ही दोन्ही ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या विघटनातून आतड्यांत तयार होतात, तर पॅरा-क्रेसॉल टायरोसिनमधून येते. स्कॅटोल लुडविग ब्रीगर यांनी १८७७ साली वेगळे केले. पुढे १८८५ साली पुट्रेसिन आणि कॅडॅव्हरिन ही सडलेल्या मांसातील अमाइनेही त्यांनीच ओळखली. पॅरा-क्रेसॉल शुद्ध स्वरूपात त्वचेला भाजते आणि विषारी आहे, म्हणून ते एक टक्क्याच्या वर घेऊच नये आणि हातमोज्यांशिवाय हाताळू नये.

गंधकासाठी डायमिथाइल ट्रायसल्फाइड पुरेसे आहे. कुबटपणासाठी जिओस्मिन आणि १-ऑक्टेन-३-ऑल घ्यावीत. जिओस्मिन हे मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू सोडतात. एका लिटर पाण्यात पाच-दहा नॅनोग्रॅम एवढेसे असले तरी पाणी मातकट लागते, यावरून त्याची ताकद ध्यानात यावी. वशाट वासाच्या ट्रायमिथाइलअमाइनाची बाटली मात्र मी सुचवणार नाही. तो पदार्थ खोलीच्या तापमानाला वायू असतो, ज्वालाग्राही असतो, आणि त्याचा अभ्यास पुढे सांगितलेल्या पद्धतीने खऱ्या मासळीवरच चांगला होतो.

पाचवी पायरी: सौम्य करणे

या कामात कौशल्य म्हणतात ते जवळजवळ सगळे येथेच लागते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, दहा मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या, एकदाच वापरायच्या ड्रॉपर नळ्या, डायप्रोपिलीन ग्लायकॉल हा जवळजवळ गंधहीन द्रावक, हातमोजे, चष्मा आणि गाळणकागदाच्या सेंटिमीटरभर रुंद पट्ट्या एवढे साहित्य असावे. काम उघड्या खिडकीपाशी, आणि वारा खोलीतून बाहेर जात असेल अशा ठिकाणी करावे. मात्र खिडकीबाहेर कोणाचा वावर नाही हे आधी पाहावे.

एक ग्रॅम रसायनात नऊ ग्रॅम द्रावक घातला की दहा टक्क्यांचे द्रावण होते. त्यातील एक ग्रॅम पुन्हा नऊ ग्रॅम द्रावकात घातला की एक टक्का, आणि याच रीतीने पुढे ०.१, ०.०१, ०.००१. थेट ०.०१ ग्रॅम मोजून एका दमात खाली उतरण्याचा मोह होतो, पण काट्याची चूकच तेवढी असते आणि सगळे गणित फसते. थेंब मोजूनही काम करू नये, कारण थेंबाचे वजन द्रावाप्रमाणे आणि नळीप्रमाणे बदलते. प्रत्येक बाटलीवर नाव, टक्केवारी आणि तारीख त्याच क्षणी लिहावी.

हुंगण्याची प्रमाणे पुढीलप्रमाणे धरावीत: ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक ०.१ टक्के, कॅप्रिलिक १ टक्का, पॅरा-क्रेसॉल ०.१, स्कॅटोल ०.०१, १-ऑक्टेन-३-ऑल ०.१, डायमिथाइल ट्रायसल्फाइड ०.००१ आणि जिओस्मिन ०.००१ टक्के. हे आकडे अंतिम नाहीत. माणसामाणसांत काही रेणूंबाबतची संवेदनशीलता फार वेगळी असते, म्हणून ज्याला वास येत नाही त्याने प्रमाण वाढवण्याआधी दुसऱ्याला हुंगायला सांगावे.

अल्कोहोल स्वस्त आणि सोयीचे असले तरी आम्लांसाठी ते टाळावे. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र राहिले तर त्यांच्यात हळूहळू एस्टर बनते, आणि ब्युटिरिक आम्लाचे इथाइल एस्टर अननसासारखे वास मारते. ग्लायकॉलमध्येही हे घडू शकते, पण फार सावकाश. तरीही आम्लांची सौम्य द्रावणे दर काही महिन्यांनी नवी करावीत. एक रेणू पाण्याएवढा फरक पडतो आणि उलटीचे फळ होते, हे ज्याने स्वतःच्या नाकाने अनुभवले त्याला ‘वाईट रेणू’ असा शब्द पुन्हा वापरवत नाही.

सहावी पायरी: घटकांतून वास उभा करणे

एक रेणू म्हणजे एक सूर. खरा वास म्हणजे अनेक सुरांची संगत. नुसते आयसोव्हॅलेरिक आम्ल हुंगले तर ‘काहीतरी आंबूस’ एवढेच वाटते. मोजा वाटण्यासाठी त्याला सोबत द्यावी लागते. वर सांगितलेल्या प्रमाणांच्या द्रावणांपैकी आयसोव्हॅलेरिक पाच ग्रॅम, कॅप्रिलिक दोन ग्रॅम, ब्युटिरिक एक ग्रॅम, डायमिथाइल ट्रायसल्फाइड एक ग्रॅम आणि द्रावक एक ग्रॅम असे मिश्रण सुरुवातीसाठी करून पाहावे. गंधकाचा तो एक ग्रॅम काढून दुसरी बाटली भरावी आणि दोन्ही शेजारी ठेवून हुंगावे. गंधकाशिवाय ते चीज वाटते. गंधक आले की पाय होतात. खऱ्या पायांवरही जिवाणू मिथेनथायॉलसारखी गंधकाची संयुगे सोडतात, त्याची जागा येथे ट्रायसल्फाइड भरून काढते.

गोठ्याचा वास उभारताना मला बराच काळ यश आले नव्हते. पॅरा-क्रेसॉल चार ग्रॅम, स्कॅटोल दोन, आयसोव्हॅलेरिक दोन आणि ब्युटिरिक एक या मिश्रणात सगळी घाण होती, पण गोठा नव्हता. हुंगणारे ‘औषध’ किंवा ‘डांबर’ म्हणत. शेवटी त्यात एक टक्का कूमरिनचे द्रावण दोन ग्रॅम घातले. कूमरिनला वाळलेल्या गवताचा गोड वास असतो. त्या गोडीने उरलेले सगळे घटक आपापल्या जागी बसले आणि पहिल्याच हुंगण्यात समोरच्याने ‘गुरे’ म्हटले. त्या अनुभवावरून मी एवढे नक्की सांगेन की दुर्गंध खरा वाटण्यासाठी त्यात जवळपासचे काहीतरी चांगले लागते: गोठ्यात गवत, तळघरात लाकूड, मोज्यात सूत आणि साबणाचा अवशेष. नुसते वाईट घटक एकत्र केले तर प्रयोगशाळेचा वास येतो, जागेचा येत नाही.

तळघराच्या कुबट वासासाठी जिओस्मिन तीन ग्रॅम आणि १-ऑक्टेन-३-ऑल दोन ग्रॅम पाच ग्रॅम द्रावकात घ्यावे आणि लाकडाच्या एखाद्या तेलाचा एक टक्क्याचा अंश त्यात द्यावा.

मिश्रण केल्यावर लगेच मत बनवू नये. पट्टीचे टोक अर्धा सेंटिमीटर बुडवून ती नाकापासून दहा सेंटिमीटर दूर धरावी, आणि ताजी असताना, दहा मिनिटांनी, एका तासाने आणि दुसऱ्या दिवशी अशी चार वेळा नोंद करावी. गंधकाची हलकी संयुगे आधी उडतात, लहान आम्ले त्यांच्या मागून जातात आणि स्कॅटोल दिवसचे दिवस टिकते. मिश्रण दर वेळी सारखेच यावे असे वाटत असेल तर तुलना ताज्या पट्ट्यांचीच करावी.

सातवी पायरी: मोडून पाहणे

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो भाग येतो. मोज्याच्या मिश्रणाचे दहा थेंब तीस मिलिलिटर कोमट पाण्यात ढवळावेत आणि ते पाणी तीन वाट्यांत सारखे वाटावे. पहिल्या वाटीत काहीच घालू नये. दुसरीत पाव चमचा खाण्याचा सोडा विरघळवावा आणि तिसरीत पाव चमचा सायट्रिक आम्ल. पाच मिनिटांनी तिन्ही हुंगाव्यात.

सोड्याच्या वाटीतला आंबूसपणा जवळजवळ नाहीसा झालेला असतो. आम्लाचे सोडियम क्षार झाले, क्षार आयनांच्या रूपात पाण्यात अडकले आणि आयन उडत नाहीत. आम्ल कोठेही गेलेले नाही, हे सिद्ध करण्यासाठी त्याच वाटीत हळूहळू सायट्रिक आम्ल घालावे. फेस येतो, बुडबुडे फुटतात आणि फेस ओसरता ओसरता तोच मोजा जसाच्या तसा परत येतो. शिकायला बसलेल्यांना मी हा प्रयोग नेहमी स्वतःच्या हाताने करायला लावतो, कारण वास परत येतो त्या क्षणी ‘वास घालवणे’ आणि ‘वास बांधून ठेवणे’ यांतला फरक कायमचा कळतो. सोड्याच्या वाटीत नीट लक्ष दिले तर एक क्षीण, सडक्या कोबीसारखा वास मात्र उरलेला सापडतो. तो ट्रायसल्फाइडचा आहे. त्याला ना सोडा धरतो, ना आम्ल. त्यासाठी सक्रिय कोळशाची पूड चमचाभर घालून अर्धा तास ठेवावे. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर हे रेणू चिकटून राहतात.

मासळीच्या धुतलेल्या पाण्यावर हाच प्रयोग केला तर चित्र उलटे दिसते. समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड हा गंधहीन पदार्थ असतो आणि मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात. अमाइन अल्कधर्मी असल्याने सायट्रिक आम्लाने त्याचा क्षार होऊन वशाटपणा दबतो आणि सोड्याने तो उफाळून येतो. ही एक जोडी पक्की लक्षात राहिली तर अनोळखी वासापुढेही माणूस गोंधळत नाही: सोड्याने गेला तर आम्ल, आम्लाने गेला तर अमाइन, दोघांनाही दाद दिली नाही तर बहुधा गंधक, अल्डिहाइड किंवा कुबट गटातील एखादा रेणू.

कुबट गटात एक अपवाद आहे आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. जिओस्मिन हे आम्लही नाही आणि अमाइनही नाही, तरीही आम्ल घातल्यावर ते मंदावते, कारण आम्लामुळे त्याच्या रेणूतून पाणी निघून जाते आणि गंधहीन पदार्थ उरतात. येथे वास बांधला गेलेला नसून रेणूच बदललेला असतो, म्हणून नंतर सोडा घातला तरी तो परत येत नाही. परत येतो की नाही, ही चाचणी त्यासाठीच प्रत्येक वेळी करावी.

थायॉलांचा वास ऑक्सिडीकरणाने मोडतो. स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यातील थायॉलांवर तीन टक्के हायड्रोजन परॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि थोडा साबण यांचे ताजे मिश्रण याच तत्त्वाने चालते. हे मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये. ऑक्सिजन सुटत राहिल्याने बाटली फुटते.

आठवी पायरी: साठवण आणि विल्हेवाट

बाटल्या काचेच्या आणि घट्ट अस्तराच्या झाकणाच्या असाव्यात, आणि त्या सगळ्या झाकणाच्या मोठ्या बरणीत, तळाला कोळशाचा थर देऊन, खाण्याच्या वस्तूंपासून दूर आणि कुलपात ठेवाव्यात. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, पण अन्नाच्या फ्रीजमध्ये यांतील एकही बाटली जाऊ नये. सांडलेल्या आम्लावर आधी सोडा पसरावा, मग ओल्या फडक्याने पुसावे. गरम पाणी आधी ओतले तर वास खोलीभर उडतो. इतर घटक सांडले तर कोळशाच्या पुडीत किंवा कागदात टिपून दुहेरी पिशवीत बांधावेत. वापरलेल्या पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात तशाच टाकू नयेत, सोडा व कोळसा यांची पूड घातलेल्या बरणीत साठवाव्यात आणि ती बरणी भरली की बंद अवस्थेतच टाकून द्यावी. आम्लांची सौम्य द्रावणे सोड्याच्या पाण्यात मिसळून, बुडबुडे थांबल्यावर, भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडता येतात. पॅरा-क्रेसॉल असलेले कोणतेही मिश्रण मात्र मोरीत ओतू नये. ते बंद बाटलीत साठवून रासायनिक कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावे.

काम संपल्यावर हातमोजे उलटे करून काढावेत, हात साबणाने धुवावेत आणि खोलीतून किमान वीस मिनिटे बाहेर जाऊन मग परत यावे. आत असताना नाक सरावलेले असते, त्यामुळे खोलीत वास उरला आहे की नाही हे बाहेरून आत येतानाच्या पहिल्या श्वासातच कळते. तो श्वास काय सांगतो तेही त्या दिवसाच्या नोंदीखाली लिहून ठेवावे.